स्त्रियांच्या प्रजनन आरोग्याच्या संशोधनात यायचंय? आधी छेद शिका

पाळी, गर्भधारणा, गर्भपात, वंध्यत्व, प्रसूती, गर्भनिरोधन, रजोनिवृत्ती. एका बाईच्या बाबतीत हे सगळं डॉक्टर पाहतात. हजारो बायकांच्या बाबतीत ते एकत्र मांडून कुणाला काय होतं, कधी होतं, कशामुळे होतं आणि कुणाला होत नाही हे शोधणं एपिडेमिऑलॉजिस्टचं काम. या क्षेत्रात नव्याने येणारे बहुधा एकाच क्रमाने विचारतात: पदवी कोणती घेऊ, सॉफ्टवेअर कोणतं शिकू, विद्यापीठ कोणतं निवडू? मी या वाटेने आले आहे आणि माझं मत असं, की हे प्रश्न दुसऱ्या टप्प्यावरचे आहेत. पहिला टप्पा म्हणजे छेद, अपूर्णांकातला खालचा आकडा: आपण नक्की कुणाला मोजतो आहोत हे ओळखायला शिकणं. वैद्यक, नर्सिंग, संख्याशास्त्र, लोकसंख्याशास्त्र, समाजशास्त्र यांपैकी कुठूनही येत असाल, तरी खालच्या पायऱ्या साधारण त्याच राहतील.

१. पदवीआधी प्रश्न

‘मला महिलांच्या आरोग्यावर काम करायचंय’ ही इच्छा झाली. प्रश्नात चार गोष्टी हव्यात: कोण, कशाच्या संपर्कात, परिणाम काय आणि किती काळात. ‘रात्रपाळी करणाऱ्या बायकांना गर्भ राहायला जास्त महिने लागतात का?’ हा प्रश्न झाला. तो लिहिल्याबरोबर पुढची खोच दिसते. गर्भ राहावा असा प्रयत्न करणाऱ्या बायका म्हणजे कोण? ज्या ठरवून प्रयत्न करत नाहीत, पण टाळतही नाहीत, त्यांना कुठे बसवायचं?

अमेरिकेतला ‘नर्सेस हेल्थ स्टडी’ १९७६ मध्ये सुरू झाला तो गर्भनिरोधक गोळ्यांचे दूरगामी परिणाम तपासायला. ३० ते ५५ वर्षांच्या १,२१,७०० विवाहित नर्सेस त्यात होत्या. नर्सच का, तर त्या स्वतःच्या आजारांची माहिती अचूक भरतील आणि टपालाने आलेल्या प्रश्नावल्यांना वर्षानुवर्षं उत्तरं देत राहतील म्हणून. पुढे त्या अभ्यासातून आहार, कर्करोग, हृदयरोग असं बरंच निघालं, पण सुरुवातीचा प्रश्न नेमका होता.

विषय निवडताना एक लक्षात ठेवा. नवे लोक गर्भारपण आणि प्रसूतीभोवती गर्दी करतात, कारण डेटा तिथे आहे. नोंद प्रसूतीची होते, वेदनेची होत नाही. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीवाढ गर्भाशयाबाहेर होणं), फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी), पाळीतला अतिरक्तस्राव, रजोनिवृत्तीच्या आसपासचा काळ, गर्भनिरोधन सोडण्यामागची कारणं इथे काम कमी झालंय आणि मोजण्याच्या अडचणीही खऱ्या आहेत. चिकाटी असेल तर तिकडे वळा. लवकर शोधनिबंध हवे असतील तर प्रसूतीचा डेटा सोपा पडेल, हेही सांगून ठेवते.

२. आपल्याकडे काय नाही, ते ओळखा

डॉक्टर आणि नर्स येतात तेव्हा आजाराची जाण पक्की असते, संख्याशास्त्र कच्चं असतं. संख्याशास्त्रज्ञांचं उलट: मॉडेल सुंदर, पण पाळीच्या चक्रात ओव्ह्युलेशन (बीजांड सुटणं) कधी होतं हे माहीत नसतं. समाजशास्त्रातून आलेल्यांना मुलाखत घेता येते, सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिसची (घटना घडेपर्यंतच्या काळाच्या विश्लेषणाची) भीती वाटते. कमतरता भरून काढायला वर्ष-दीड वर्ष द्या, त्याची लाज वाटायचं कारण नाही.

दवाखान्यातून येणाऱ्यांनी आपली जमेची बाजू मात्र विसरू नये. १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी तरुण मुलींमधल्या योनिमार्गाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचे फक्त ८ रुग्ण घेतले आणि प्रत्येकीमागे ४ याप्रमाणे ३२ जणींशी तुलना केली. आठपैकी सात मुलींच्या आयांनी गर्भारपणात डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन घेतलं होतं, तुलनेच्या गटात एकीनेही नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गर्भारपणात ते देऊ नये असं जाहीर केलं. गर्भपात टाळण्यासाठी दिलं जाणारं हे औषध त्या कामी निरुपयोगी असल्याचं १९५३ च्या चाचणीत दिसलं होतं, तरी ते पुढे अठरा वर्षं लिहून दिलं जात राहिलं. आठ रुग्णांचा अभ्यास उभा राहिला तो ‘या वयात हा आजार दिसायला नको’ हे पाहणाऱ्याच्या लक्षात आलं म्हणून.

पदवीबद्दल थोडक्यात: एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा एपिडेमिऑलॉजीतली एमएस्सी हा नेहमीचा रस्ता, स्वतंत्र संशोधन करायचं असेल तर पुढे पीएचडी. प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रमात कारणमीमांसेच्या पद्धती, सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस आणि सर्वेक्षणांचं विश्लेषण हे तीन विषय आहेत का ते बघा. नसतील तर नावाजलेल्या विद्यापीठाचाही फारसा उपयोग नाही.

३. छेद शिका

हा भाग सावकाश वाचा, कारण नव्यांचे बहुतेक निबंध इथेच अडकतात.

आपलं सगळं गणित शेवटी अंश आणि छेदाचं. अंश डोळ्यांपुढे असतो: इतके गर्भपात, इतके मृतजन्म. छेद निसटता असतो, कारण गर्भधारणा सुरू होते तेव्हा ती कुणालाच ठाऊक नसते, खुद्द त्या बाईलाही नाही. ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गर्भधारणेसाठी प्रयत्न करणाऱ्या २२१ स्त्रियांनी रोज लघवीचा नमुना दिला. एचसीजी या संप्रेरकावरून १९८ गर्भधारणा सापडल्या. त्यांतल्या २२ टक्के एरवी कळायच्या आधीच संपल्या होत्या. कळलेल्या आणि न कळलेल्या मिळून ३१ टक्के गर्भ टिकले नाहीत. म्हणजे दवाखान्याच्या रजिस्टरवरून काम करणारा माणूस मुळात उरलेल्यांचा अभ्यास करतो.

यातून पहिला सापळा तयार होतो. तुमच्या कोहोर्टमध्ये (काही काळ पाठपुरावा करायच्या गटात) कुणी सहाव्या आठवड्यात आली, कुणी बाराव्या. बाराव्यात आलेलीचा आठव्या आठवड्यात गर्भपात झालेला असणं शक्यच नाही, झाला असता तर ती तुमच्याकडे आलीच नसती. दोघींना पहिल्या दिवसापासून मोजलंत तर गर्भपाताचं प्रमाण खोटं कमी दिसेल. प्रत्येकीला ती ज्या आठवड्यात आली तिथपासूनच धोक्याच्या गटात धरा. सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिसच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये याची सोय आहे, आकडा मात्र तुम्ही नोंदवलेला हवा. म्हणून प्रश्नावलीत ‘नोंदणीच्या वेळी किती आठवडे’ हा रकाना कधीही गाळू नका.

दुसरा सापळा अधिक गोड असतो, कारण त्यातून आवडता निष्कर्ष निघतो. ‘गर्भारपणात जास्त तपासण्या झालेल्या बायकांची अकाली प्रसूती कमी होते.’ होणारच! तिसाव्या आठवड्यात बाळंत झालेल्या बाईला चाळिसाव्या आठवड्यापर्यंतच्या तपासण्या करायला वेळ कुठे मिळाला? तपासण्यांनी फायदा होत असेलही, पण या तुलनेतून तो सिद्ध होत नाही. एखादं औषध, लस किंवा पूरक आहार गर्भारपणात उशिरा दिला जात असेल, तर तिथेही हाच घोळ होतो. ठरावीक आठवड्यावर थांबा, त्या क्षणी गर्भवती असलेल्यांचीच तुलना करा आणि तिथून पुढे मोजा.

तिसरा सापळा अनुभवी लोकांनाही चकवून गेला आहे. धूम्रपान करणाऱ्या आयांची बाळं कमी वजनाची जास्त निघतात, दगावतातही जास्त. पण फक्त कमी वजनाची बाळं घेतली, तर धूम्रपान करणाऱ्या आयांची बाळं कमी दगावतात असं दिसतं. जेकब येरुशाल्मी यांनी १९७१ मध्ये हे मांडून धूम्रपानाच्या हानीबद्दलच शंका घेतली होती. कोडं नीट उलगडलं ते २००६ मध्ये, कार्यकारणाच्या आकृत्या वापरून. वजन कमी असण्याची धूम्रपान सोडून इतरही कारणं असतात, उदाहरणार्थ जन्मजात व्यंग, आणि ती जास्त घातक असतात. धूम्रपान न करणाऱ्या आईचं बाळ कमी वजनाचं निघालं, तर त्यामागे असं घातक कारण असण्याची शक्यता वाढते. दोन्ही गट फक्त वरवर सारखे होते. संपर्कानंतर घडलेली गोष्ट मॉडेलमध्ये ‘ॲडजस्ट’ करू नका, म्हणजे ती सारखी धरून तुलना करू नका, हा यातला धडा. जन्मवजन आणि प्रसूतीचा आठवडा दिसले की ते मॉडेलमध्ये टाकायचेच ही सवय अजून गेलेली नाही. शंका आली तर डॅगिटी या मोफत साधनावर आकृती काढून पाहा.

बाकीचे भराभर सांगते. फक्त जिवंत जन्मांवर अभ्यास केला, तर गर्भपात घडवणारा घटक निरुपद्रवी भासू शकतो. ‘गर्भ राहायला किती महिने लागले’ हे फक्त गर्भवतींना विचारलं, तर ज्यांना गर्भ राहिलाच नाही त्या बाहेर राहतात. वंध्यत्वाच्या दवाखान्यात येणाऱ्या म्हणजे सगळ्या वंध्यत्व असलेल्या स्त्रिया नव्हेत, त्या उपचारापर्यंत पोहोचू शकलेल्या स्त्रिया. गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण काढताना गर्भाशय काढून टाकलेल्या बायका छेदात ठेवल्या, तर आकडा घटतो, विशेषतः उतारवयात. माता मृत्यूचे दोन आकडे असतात. एकाचा छेद एक लाख जिवंत जन्म, दुसऱ्याचा प्रजननक्षम वयातल्या स्त्रिया. जननदर घटला की गर्भारपण तितकंच धोकादायक राहूनही दुसरा आकडा खाली येतो. बातमीत कोणता आहे ते बघितल्याशिवाय आनंद मानू नका.

व्याख्याही तोंडपाठ हव्यात. अकाली प्रसूती ३७ आठवड्यांपूर्वीची. माता मृत्यू गर्भारपणात किंवा ते संपल्यापासून ४२ दिवसांत, अपघाती किंवा गर्भारपणाशी संबंध नसलेली कारणं वगळून. वंध्यत्व गर्भनिरोधन न वापरता १२ महिने नियमित संबंध ठेवूनही गर्भ न राहिल्यास. मृतजन्म आंतरराष्ट्रीय तुलनेत २८ आठवड्यांपासून, पण अनेक देश त्याआधीपासून मोजतात. पीसीओएसचे (अंडाशयांशी निगडित संप्रेरकांच्या विकाराचे) १९९० चे आणि २००३ चे निकष वेगळे असल्याने एकाच गावात दोन वेगळी प्रमाणं निघू शकतात.

४. आधी दुसऱ्यांच्या डेटावर हात बसवा

पहिल्याच वर्षी स्वतःचा डेटा गोळा करायची घाई नको. डीएचएस या नावाने ओळखली जाणारी लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणं १९८४ पासून अनेक देशांत झाली आहेत. नोंदणी करून आणि कामाचं छोटं वर्णन देऊन त्यांचा डेटा विनामूल्य मिळत आला आहे. युनिसेफची एमआयसीएस सर्वेक्षणंही तशीच. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारचा निधी थांबल्यावर डीएचएसचं काम विस्कळीत झालं. त्यामुळे परवानगी मिळताच डेटाफाइल, प्रश्नावली आणि कोडबुक हे तिन्ही उतरवून घ्या.

यात नव्यांना हमखास छळणाऱ्या दोन गोष्टी. व्ही००५ हा सॅम्पलिंग वेटचा, म्हणजे नमुन्यातल्या प्रत्येकीला हिशेबात किती धरायचं याचा रकाना, दशलक्षाने भागून वापरायचा. तारखा महिन्यांच्या सलग क्रमांकात असतात: वर्षातून १९०० वजा करा, १२ ने गुणा, महिना मिळवा. जून २०१५ म्हणजे १३८६. (काही देश स्वतःची दिनदर्शिका वापरतात. वर्षं विचित्र निघाली तर आधी ते तपासा.) आणि पुन्हा छेद: प्रसूतिपूर्व तपासणीचे प्रश्न जुन्या फेऱ्यांमध्ये अलीकडच्या जिवंत जन्मांबद्दलच विचारलेले असतात. मृतजन्म झालेली बाई तिथे नाही. बाळंतपणात दगावलेली तर मुलाखतीला असूच शकत नाही, म्हणून बहिणींबद्दल विचारून माता मृत्यू मोजण्याची पद्धत १९८९ मध्ये पुढे आली.

विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरपैकी आर मोफत आहे, स्टाटा आणि सॅस विकत घ्यावी लागतात. एक निवडा आणि त्यातच रमा. सराव म्हणून प्रसिद्ध अहवालातलं एखादं कोष्टक दशांशापर्यंत पुन्हा काढून पाहा. जमलं नाही तर का जमलं नाही हे शोधण्यातच खरं शिक्षण होतं.

५. विश्लेषणाआधी कागदावर चाचणी लिहा

रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन उपचारांनी हृदयरोग कमी होतो, असं अनेक निरीक्षणात्मक अभ्यास सांगत होते. अमेरिकेतल्या वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्या १६,६०८ स्त्रियांवरच्या चाचणीत, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या प्रयोगात, तसं आढळलं नाही. उलट स्तनाचा कर्करोग, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसल्याने २००२ मध्ये चाचणीचा तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. २००८ मध्ये नर्सेसचाच डेटा चाचणीच्या धर्तीवर, म्हणजे उपचार सुरू केल्याच्या दिवसापासून मोजत, पुन्हा तपासला गेला. तेव्हा दोन्हींतली तफावत बरीचशी रजोनिवृत्तीनंतर किती वर्षांनी उपचार सुरू झाले आणि किती काळ पाहिलं यातून आल्याचं दिसलं.

म्हणून आधी एका पानावर लिहा: चाचणी करता आली असती तर कुणाला घेतलं असतं, कोणत्या दिवशी गट पाडले असते, घड्याळ कधी सुरू केलं असतं. मग डेटा उघडा. हे पान गाईडला दाखवल्याशिवाय एकही मॉडेल चालवू नका.

६. एथिक्स कमिटी आणि मुलाखत

मंजुरीला महिने जातात, वेळापत्रकात तेवढे धरा. प्रस्तावात संमतिपत्राच्या भाषेइतकाच खल मुलाखतीच्या जागेवर करा. पाळी, गर्भपात, लैंगिक संबंध यांबद्दल घरातलं दुसरं कुणी ऐकत असेल, तर मिळणारं उत्तर त्या ऐकणाऱ्यासाठी असतं. कुणी खोलीत आलं तर मुलाखतकार कोणते साधे प्रश्न सुरू करील, हे आधी ठरवून लिहा. हिंसाचाराबद्दल विचारायचं असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेची २००१ ची सुरक्षा मार्गदर्शक तत्त्वं वाचलीच पाहिजेत. एका घरातून एकाच स्त्रीची मुलाखत घेणं आणि मदत कुठे मिळेल हे सांगायची तयारी ठेवणं त्यात येतं.

जिथे गर्भपात गुन्हा ठरू शकतो, तिथे तुमची नोंदच बाईला गोत्यात आणू शकते. नाव आणि उत्तरं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, जोडणारी यादी कुलूपबंद, नष्ट करायची तारीख प्रोटोकॉलमध्ये. गर्भपात सर्वेक्षणात नेहमीच कमी सांगितले जातात, हेही गृहीत धरा.

मुलाखतकारांचाही विचार करा. दिवसभर मृतजन्माच्या हकिगती ऐकणाऱ्या मुलीला आठवड्यातून एकदा बोलायला कुणीतरी हवं. त्यासाठीचा खर्च बजेटमध्ये दाखवा, नंतर कुणी देत नाही.

७. गाईड निवडताना

नाव मोठं आहे का, यापेक्षा आधीच्या विद्यार्थ्यांशी बोला. गाईडसमोर नको, एकट्याने. विचारा:

- पहिलं लेखकपद विद्यार्थ्याला मिळतं का?
- मसुदा वाचून परत यायला किती आठवडे लागतात?
- डेटा कुणाच्या मालकीचा, आणि संस्था सोडल्यावर तो वापरता येतो का?
- मध्येच सोडून गेलेले किती, आणि का?

शेवटच्या प्रश्नावर सगळे गप्प झाले तर दुसरा गाईड शोधा. संख्याशास्त्राचा आणि स्त्रीरोगाचा असे दोन सहमार्गदर्शक मिळाले तर उत्तम, फक्त दोघांना एकत्र बसवण्याचं काम तुमच्यावर येईल.

८. अर्जासाठी तयार ठेवायचं

- गुणपत्रकं आणि पदवी प्रमाणपत्रं, नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा.
- दोन पानी सीव्ही.
- हेतुपत्र. बालपण नको, पहिल्या परिच्छेदात तुमचा प्रश्न हवा.
- दोन-तीन शिफारसपत्रं. लिहिणाऱ्यांना किमान महिनाभर आधी सांगा आणि तुमच्या कामाचे मुद्दे लिहून द्या.
- दोन पानी संशोधन प्रस्ताव.
- मानवी सहभागींवरच्या संशोधनातल्या नीतिनियमांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र.
- स्वतः लिहिलेला, टिपणांसह स्वच्छ केलेला कोड. हे फार थोडे जोडतात आणि निवड समितीच्या नजरेत भरतं.
- ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक. मोफत आहे, पाच मिनिटांत मिळतो, आडनाव बदललं तरी तुमचे निबंध एकत्र राहतात.

९. पहिला शोधनिबंध

निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोबची २२ मुद्द्यांची यादी आहे. ती लिहून झाल्यावर भरायची नसते, लिहायला बसताना समोर ठेवायची असते. किती जणी होत्या, किती वगळल्या, का वगळल्या, याची आकृती आधी काढा. छेदाचा गोंधळ असेल तर तिथेच उघडा पडेल.

लेखकांचा क्रम काम सुरू होतानाच ईमेलवर नक्की करा. ‘पीडियाट्रिक अँड पेरिनेटल एपिडेमिऑलॉजी’, ‘ह्युमन रिप्रॉडक्शन’, ‘बीजेओजी’ ही या विषयातली परिचित जर्नल्स. ‘आदरणीय प्राध्यापक’ असं संबोधून तीन दिवसांत छापून देण्याचं आश्वासन देणारी ईमेल आली तर उत्तर देऊ नका.

१०. नोकरी

विद्यापीठातल्या कायम जागा कमी, पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या जागा) लांबतात. सरकारी आरोग्य नोंदी, माता मृत्यू परीक्षण, आंतरराष्ट्रीय संस्था, औषध कंपन्यांच्या गर्भारपणातल्या औषधसुरक्षेच्या नोंदवह्या इथेही चांगलं काम होतं. उद्योगात जाणं म्हणजे हार मानणं असं मानणारे लोक भेटतील. डीईएसची गोष्ट आठवली तर औषधसुरक्षेत काम करणारा माणूस कमी लेखावासा वाटणार नाही.

अनुदानावरची नोकरी घेताना करारात तीन गोष्टी वाचा: निधी कोणत्या महिन्यापर्यंत आहे, प्रसूती रजेत कराराची मुदत वाढते का, आणि निष्कर्ष निधी देणाऱ्याला गैरसोयीचे निघाले तर ते छापायचा हक्क कुणाकडे राहतो. तिसऱ्याचं उत्तर तोंडी मिळालं तर ते लेखी मागा, आणि लेखी येईपर्यंत सही करू नका.